स्कारविकच्या बाईची तलवार

गावाजवळ खणून काढलेल्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या थडग्यात एकूण एकावन्न वस्तू होत्या. कासवाच्या पाठीसारख्या फुगीर, कांस्याच्या दोन पिना. काचेचे आणि अंबरचे मिळून एकतीस मणी. एक कातर, एक कढईचा दांडा, सूत कातायच्या चातीला लावायची एक दगडी चकती. होडीच्या फळ्या जोडणारे बारा खिळे. दोन दाढा. आणि गंजून गोळा झालेली, चौऱ्याहत्तर सेंटिमीटर लांबीची एक लोखंडी वस्तू.

ही मोजदाद सुन्निवाने स्वतः केली होती. स्कारविकच्या लहानशा संग्रहालयात जुन्या वस्तू साफ करून टिकवायचं काम तिच्या एकटीकडे होतं. बर्गेनच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ती गावी परतली होती, आणि लांबी, रुंदी, वजन घेतल्याशिवाय ती कशाबद्दल बोलत नसे, अशी तिची ख्याती होती. पन्नास वस्तूंपुढे तिने तीन-तीनदा घेतलेली मापं लिहिली. एकावन्नाव्या वस्तूपुढे मात्र मापांच्या आधी एक शब्द लिहिला. तलवार.

गंजाच्या एका टोकाला मुठीत जाईल अशी लोखंडी दांडी डोकावत होती. लांबीही जुळत होती. रीतसर एक्स-रे काढायचा तर वस्तू बर्गेनला पाठवायला हवी होती आणि तिथली रांग मोठी होती. पण ही सगळी कारणं नंतर सुचलेली. खरं कारण एवढंच की तिला तलवार हवी होती. जुन्या चित्रकारांनी रंगवलेल्या वीरांगना बघून तिला लहानपणापासून हसू यायचं. डोक्याला पक्ष्याचे पंख, छातीवर पितळी वाट्या, वाऱ्यावर उडणारे पिवळे केस. असल्या पोशाखात बाई शेळीसुद्धा हाकलू शकणार नाही, असं ती म्हणायची. आता तिच्या हाती खऱ्या मातीतून खरी बाई आली होती, पिना आणि मणी घातलेली आणि शेजारी तलवार ठेवलेली. दूर कुठे कुठे अशा एकदोघींची चर्चा तिने वाचली होती. आपल्या गावातही एक निघावी, आणि ती आपल्या हातून निघावी, यात वाईट काय होतं?

संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर थडग्यातल्या बाईचं चित्र काढायचं ठरलं. काम तोरलाइककडे गेलं. तोरलाइक गावच्या शाळेतला निवृत्त चित्रकलाशिक्षक, सुन्निवालाही त्यानेच शिकवलेलं. डोळ्यांनी दिसेल तेवढंच काढायचं हा त्याचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. चर्चचं चित्र काढताना त्याने मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलेलंच दाखवलं, तेव्हा पाद्री वर्षभर त्याच्याशी बोलला नव्हता.

दोन कच्ची रेखाटनं घेऊन तो आला त्या दिवशी सुन्निवाची आई रानवाइगही तिथे होती. ती बंदरावरच्या जाळ्यांच्या कोठारात काम करायची. तीस वर्षं मासेमारीची फाटलेली जाळी शिवत आलेली बाई. दुपारच्या सुट्टीत ती वॅफलचा डबा घेऊन आली होती.

"एकात ती विणायच्या मागापाशी उभी आहे," तोरलाइक कागद पसरत म्हणाला. "दुसऱ्यात तलवार घेऊन. दागिने दोन्हीकडे तेच. आता तू सांग, ते लोखंड म्हणजे तलवारच ना?"

"तलवारच."

"नक्की? मी भिंतीवर काढलं की काढलं."

"नक्की," सुन्निवा म्हणाली. आणि मागाच्या रेखाटनाकडे हनुवटीने खूण करून हसत म्हणाली, "पुन्हा बाई आणि सूत? ते तर गावात रोजच बघतो. त्यासाठी हजार वर्षं खाली कशाला खणायचं?"

संग्रहालयाचा प्रमुख इंग्वाल्ड मोठ्याने हसला. रानवाइगही हसली आणि तिने वॅफलचा डबा पुढे सरकवला. तोरलाइकने पहिला कागद गुंडाळून काखेत मारला.

"मग दंड लागतील," तो म्हणाला. "तलवार पेलणारे. रानवाइग, तुझे हात उसने दे."

"तुला काही उसनं द्यायची भीती वाटते. पाचवीत एका बाकावर होतो तेव्हा माझी पेन्सिल नेलीस ती अजून तुझ्याकडेच आहे."

"ती संपली."

"बघ. हातही संपवशील."

पण ती उभी राहिली. तोरलाइकच्या होड्यांच्या शेडमध्ये, रबरी बूट घालून, दोन्ही हातांत वल्हं धरून. कोठारातल्या बायका तिला 'सेनापतीणबाई' म्हणायला लागल्या. "सेनापतीणबाई, जरा सुई इकडे करता का?" "सेनापतीणबाई, तुमच्या सैन्याची कॉफी संपली." घरच्या प्रत्येक फोटोत सगळ्यांच्या मागे उभी राहणारी रानवाइग आता जेवताना विचारायची, भिंत किती उंच आहे, चेहरा ओळखू येईल का. वर्तमानपत्रात बातमी आली. मुलींच्या हँडबॉल संघाने नव्या जर्सीवर तलवार छापून घेतली. किराणा दुकानाच्या दारावर उद्घाटनाचं पोस्टर लागलं.

एक्स-रे काढायचं सुन्निवाने ठरवलं ते शंका आली म्हणून नव्हे. चित्राशेजारी लावायला एक छान छायाचित्र हवं होतं. चांगल्या तलवारीच्या पोटात पिळून ठोकलेल्या लोखंडाची नक्षी दिसते, ती लोकांना दाखवावी, एवढाच विचार. गावातली जनावरांची डॉक्टर गुडनी हिच्याकडे घोड्यांचे पाय तपासायचं एक्स-रे यंत्र होतं.

"रोग्याचं वय?" गुडनीने टेबलावर चादर अंथरत विचारलं.

"अकराशेच्या आसपास."

"खाणंपिणं?"

"बंद."

"मग मालकाला जरा बसवून बातमी द्यायला हवी."

दोघी हसल्या. गुडनीने बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र उमटलं.

गंजाच्या आत लोखंड स्वच्छ दिसत होतं. तलवारीला मुठीपाशी आडवी पट्टी असते. इथे नव्हती. पात्याच्या मधून लांब खोबण जाते. तीही नव्हती. नक्षी नव्हती. दोन्ही कडा पातळ होत धारेला भिडायला हव्या होत्या, पण त्या बोथट होत्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बर्गेनला शिकताना तिथल्या संग्रहालयाच्या कोठीतल्या खणांमधून अशा तीन वस्तू सुन्निवाने हाताळल्या होत्या. उभ्या मागावर विणताना बाण्याचा, म्हणजे आडवा धागा वर ठोकून घट्ट बसवायची पट्टी. गरीब घरात ती लाकडाची असे. ही पैसेवाल्या घरातली, म्हणून लोखंडाची.

"काय गं?" गुडनी म्हणाली. "फ्रॅक्चर आहे का?"

"तलवार नाहीये."

गुडनीने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आणि चित्र?"

"कुणाला बोलू नकोस. मी सांगते."

"मी घोड्यांशीच बोलते," गुडनी म्हणाली, आणि तिने यंत्र बंद केलं.

पडदा पाहिल्याबरोबर सुन्निवाच्या मनात पहिली गोष्ट आली ती 'मी चुकले' ही नव्हती. पहिली आली ती, 'म्हणजे साधीच बाई निघाली.' आणि पाठोपाठ निराशा, ताटात वाढलेलं कुणी काढून घ्यावं तशी. या विचाराची लाज तिला गाडीत बसल्यावर वाटली आणि मग ती काही केल्या उतरेना. कातर होती. चातीची चकती होती. त्या चकतीचं वजन तिने ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत घेतलं होतं, कागदावर लिहिलं होतं आणि मग ती बाजूला ठेवली होती. पंखवाली शिरस्त्राणं काढणाऱ्या ज्या चित्रकारांना ती हसायची, त्यांनी निदान कधी थडगं पाहिलं नव्हतं. तिने प्रत्येक वस्तू हातात घेतली होती.

इंग्वाल्डला फोन करून सांगितलं, तर त्याने लगेच तोडगा काढला.

"पाटीवर 'बहुधा तलवार' लिही. बहुधा म्हटलं की कोणी खोटं म्हणत नाही."

"पण बहुधाही नाहीये."

"मग 'कदाचित.'"

"इंग्वाल्ड, मी स्वतः बघितलंय."

"तू बघितलंस. गावाने नाही. अगं, शनिवारी महापौर येतोय, बँड येतोय. उद्घाटन होऊ दे, मग सावकाश संशोधन कर. संशोधनाला कोणी नको म्हटलंय?"

सुन्निवाने 'कदाचित' लिहिलेली पाटी छापून घेतली. ती कोटाच्या खिशात घालून घरी आली, तर स्वयंपाकघरात रानवाइग आपला सणाचा काळा लोकरी पोशाख टेबलावर पसरून त्याला वाफेची इस्त्री करत होती. चांदीचे दागिने एका फडक्यावर मांडून चकचकीत केले होते.

"हे घालू, की साधा स्वेटर?" तिने विचारलं. "महापौर म्हणेल, भिंतीवरही हीच आणि खालीही हीच."

"हे घाल."

"केस वर घेऊ? चित्रात वर घेतलेत."

"घे."

"तुझं लक्ष कुठंय गं?" रानवाइग म्हणाली, पण ती खुशीत होती, उत्तरासाठी थांबली नाही. सुन्निवाने कोट खुंटीला लावला. पाटी तिने खिशातून बाहेर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संग्रहालयाच्या भिंतीपाशी तोरलाइककडे गेली. तो शिडीवर चढून मुठीचा रंग भरत होता. खालून वर पाहिलं तर चित्र खरोखरच भव्य होतं. पंख नाहीत, वाट्या नाहीत. जाड लोकरीचा अंगरखा, खांद्यांवर दोन पिना, वर उचललेले मजबूत हात. चेहरा आईचा. आणि हातांत, तीन मीटर उंचीवर, सुन्निवाचा एक शब्द.

तिने खालूनच सगळं सांगितलं. तोरलाइकचा ब्रश थांबला, पण तो खाली उतरला नाही.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"दोनदा विचारलं."

"हो."

"मोजल्याशिवाय सुन्निवा बोलत नाही, असं मी सगळीकडे सांगत होतो."

तोरलाइक सावकाश खाली आला आणि ब्रश चिंधीला पुसू लागला.

"लोखंड पुसून दुसरं काही काढायला मला आठवडा पुरेल. त्याचं काही नाही," तो म्हणाला. "ठोकायला पण हात असेच वर उचलावे लागतात. ते हात मला ठाऊक आहेत. पहिल्या रेखाटनात तेच काढले होते."

"पहिल्या?"

"मागापाशी उभी होती ती कोण होती? तू पाहिलंस तरी का?"

त्याने शिडीखालच्या सामानातून तो गुंडाळलेला कागद काढला आणि उलगडून धरला. उभा माग, खाली लोंबणारे दगड, दोन्ही हातांनी पट्टी वर मारणारी बाई. मान किंचित डावीकडे कललेली. काम करताना ओठ आत घ्यायची सवय. ती रानवाइग होती. लपवलेली, अंदाजाने काढलेली नव्हे, कुणीही ओळखावी अशी रानवाइग. हा कागद त्या दिवशी टेबलावर उघडा पडला होता, आणि रानवाइग त्याच्यापासून हातभर अंतरावर वॅफलचा डबा धरून उभी होती.

"तिला सांगितलं होतं तुम्ही? की तुम्ही तिलाच काढलंय?"

"सांगायचं काय त्यात? तिला डोळे आहेत," तोरलाइक म्हणाला. "आता हे तिला कोण सांगणार?"

"मी."

"शनिवारच्या आधी सांग."

जाळ्यांचं कोठार बंदराच्या टोकाला होतं. गावी परतल्यापासून सुन्निवा तिथे एकदाही गेली नव्हती. आत डांबराचा आणि मिठाचा वास होता. छतापासून टांगलेली काळी जाळी ढगांसारखी खाली आली होती आणि त्यांच्यामध्ये बायका उभ्या राहून शिवत होत्या. रानवाइग शेवटच्या खिडकीपाशी होती.

"अगं, इकडे कुठे तू? बूट खराब होतील."

"आई, ती तलवार नाहीये."

रानवाइगचे हात थांबले नाहीत. सुई भोकातून जात होती, गाठ बसत होती. "मग काय आहे?"

सुन्निवाने सांगितलं. पट्टी, माग, धागा ठोकणं. सांगताना आपला आवाज संग्रहालयात शाळेच्या मुलांसमोर लागतो तसा लागतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि ती मध्येच थांबली.

"काय म्हणतेय गं सेनापतीणबाईंची लेक?" पलीकडून एकीने ओरडून विचारलं.

"काही नाही. सैन्याचा पगार वाढवा म्हणतेय," रानवाइगने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. मग आवाज खाली आणून, जाळ्याकडे बघतच ती म्हणाली, "तोरलाइकने पहिला कागद उघडला ना, तेव्हा मी मला ओळखलं होतं."

"मला आत्ता कळलं."

"मला आवडला होता तो. कुणी मला काम करताना काढेल असं कधी वाटलं नव्हतं. तू हसलीस, म्हणून मी पण हसले. इंग्वाल्ड होता, तोरलाइक होता, मी काय गंभीर चेहरा करून उभी राहणार?" तिने गाठ ओढून घट्ट केली. "मग ते वल्हं धरून उभी राहिले तेव्हा म्हटलं, निदान या चित्रात तरी हिला आपली आई आवडेल."

सुन्निवाने तोंड उघडलं.

"थांब," रानवाइग म्हणाली. "माफी मागू नकोस. इथे सगळ्याजणी कान लावून बसल्यात, आणि मला त्यांच्यासमोर रडायचं नाही."

सुन्निवाला आपले हात कुठे ठेवावेत कळेना. तिने ते खिशात घातले, तर आत पाटी लागली.

"इंग्वाल्ड म्हणतो 'कदाचित तलवार' लिहू."

"आणि तू?"

"मी छापून आणलीय."

रानवाइगने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकानात मुलाने काहीतरी उचलून खिशात टाकलेलं दिसावं, तशी ती बघत होती. मग तिने पायाने कापलेल्या दोऱ्यांची बादली पुढे ढकलली. सुन्निवाने पाटी तिच्यात टाकली.

"एक विचारू?" रानवाइग म्हणाली. "ती पट्टी तिने वापरलेली आहे का? की मोठ्या घरची म्हणून नुसती शेजारी ठेवलेली? चांगल्या घरात असतं तसलं. भिंतीला सुंदर झाडू, आणि झाडणारी दुसरीच."

"माहीत नाही. मी तेवढं बघितलं नाही."

"मग बघ. या वेळी आधी बघ, आणि मग तोरलाइकला सांग माझ्या हातात काय द्यायचं ते. नुसती ठेवलेली असेल, तर मला दोन्ही चित्रांत उभं राहायचं नाही."

"शनिवारचं काय?"

"शनिवारी मी कपडे धुणार आहे," रानवाइग म्हणाली आणि पुढचं भोक हातात घेतलं.

वर्तमानपत्राला फोन सुन्निवानेच केला. तपासायच्या आधी मी बोलले, असं तिने सांगितलं, आणि ते वाक्य तसंच लिहून घेतलं जाईपर्यंत ती फोनवर थांबली. उद्घाटन रद्द झालं. इंग्वाल्ड महापौराच्या कार्यालयात जाऊन आला आणि काही दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. दुकानात भाजी घेताना हँडबॉलच्या तिघी मुली तिच्यामागे उभ्या होत्या. एकीने विचारलं, "मग आम्ही आता जर्सीवर काय लावू? रुमाल?" दुसरीने तिला कोपर मारलं. सुन्निवा मागे वळली नाही. गाजरं वजनकाट्यावर ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण ती दुसऱ्यांदा ठेवतोय.

गंज काढायचं काम मे महिन्यापर्यंत चाललं. सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक टोकाच्या सुरीने, तांदळाच्या दाण्याएवढा भाग एका वेळी. घाई करायचा मोह तिला बरेचदा झाला. गंजाखाली लोखंडाचा मूळ पृष्ठभाग टिकून होता. भिंतीवरच्या चित्रात तोरलाइकने हातांमधली जागा पांढऱ्या रंगाने झाकून ठेवली होती, आणि येणारे-जाणारे विचारायचे, ही बाई काय धरून उभी आहे. दुपारच्या सुट्टीत रानवाइग कधी कधी यायची. डबा टेबलाच्या कडेला ठेवायची, खुर्ची खिडकीकडे वळवून बसायची, समुद्राकडे बघत कॉफी प्यायची आणि निघून जायची. कामाबद्दल ती विचारत नसे. सुन्निवाही सांगत नसे. मोजून झालं नव्हतं.

शेवटचा भाग साफ झाल्यावर तिने पट्टीची रुंदी वीस ठिकाणी घेतली, प्रत्येक ठिकाणी तीनदा. दोन्ही टोकांना रुंदी ४१.३ मिलिमीटर. मधल्या बावीस सेंटिमीटरांत सरासरी ३८.९ मिलिमीटर. झीज एकाच कडेला, धागा ठोकायच्या, २.४ मिलिमीटर. मग मापांच्या खाली तिने शब्द लिहिला. वापरलेली.